थोरलीच्या खोलीतल्या पंधरा टाक्या

गेल्या वैशाखातला शेवटचा रविवार. रक्कम एक लाख वीस हजार रुपये. हजर : वस्तीतल्या भावकीचे अकरा कर्ते पुरुष, त्यांत नुकत्याच झालेल्या लग्नातल्या नवरदेवाचे वडील धरून, आणि बाहेरचा म्हणून मी एकटा. जागा देवळापुढचा ओटा. जिच्या हातांसाठी ही रक्कम ठरत होती ती बाई तिथं नव्हती. ती पुण्याच्या सरकारी रुग्णालयात जळीत विभागात पडून होती आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते.

हिशेब मीच मांडला. पंधरा घरं, दर घरी आठ हजार. एवढा हिशेब बाकीच्यांना जमत नव्हता असं नाही. पण वस्तीत कागदावर आकडा लिहायची वेळ आली की माणसं माझ्याकडं बघतात. पुढं काही चुकलं तर चूक पाव्हण्याच्या नावावर टाकता येते.

पाव्हणा म्हणजे मी. मूळचा बार्शीकडचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. जवळच्या चांदे गावाच्या पुढं ही वस्ती आहे, तिथं आठ वर्षांपूर्वी दोन गुंठे जागा घेऊन घर बांधलं. जागा विकली नवरदेवाच्या वडिलांनीच. वस्तीत चौदा घरं एका भावकीची आणि पंधरावं माझं. आठ वर्षं झाली तरी मला हाक 'ओ पाव्हणं' अशीच येते.

कारखान्यात वेल्डिंगच्या गॅसच्या टाक्या माझ्या ताब्यात असतात. त्या उभ्या ठेवायच्या, साखळीनं भिंतीला बांधायच्या, भरलेल्या एकीकडं आणि रिकाम्या दुसरीकडं, आणि वर छत असलं तरी चारी बाजू उघड्या. वीस वर्षं हेच केल्यावर घरची टाकीही मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं ठेवू शकत नाही. टाकी आली की मी ती ताणकाट्यावर जोखतो. कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, ते वजा करतो. तपासणीची मुदत कड्याच्या आतल्या बाजूला असते, ती वाचतो. टोपण काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकतो आणि बुडबुडा येतो का बघतो. टाकी आणून देणारा माणूस तोवर माझ्या दारात उभा राहून कंटाळतो, आणि वस्तीतली माणसं जाता-येता थांबतात.

"पाव्हणा टाकी जोखतुया का बोकड?"

"बोकडच हाय. फकस्त ह्याला शिंगं न्हाईत."

हे मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. वस्तीतल्या निम्म्या घरांत शेळ्या-मेंढ्या आहेत. जनावर जोखून घेण्यात त्यांना काही वावगं वाटत नाही, टाकी जोखण्यात वाटतं.

आता थोरलीबद्दल, म्हणजे रुग्णालयातल्या त्या बाईबद्दल. नवरदेवाचे वडील हे तिचे धाकटे दीर. तिचा नवरा लग्नानंतर दीड वर्षात गेला, मूल नाही. वाटणीत तिच्या वाट्याला शेरडांचा जुना गोठा आला, आणि तोच सारवून तिनं खोली केली. पुढं पत्र्याची पडवी काढली आणि त्या पडवीत चूल. माझ्या घराची मागची भिंत आणि तिची पडवी यांत दहा फुटांचं अंतर आहे. हिंजवडीकडच्या एका खानावळीला ती रोज ऐंशी भाकऱ्या करून द्यायची. खानावळीचा माणूस सकाळी स्कूटरवरून डबे न्यायला यायचा. ह्या भाकऱ्यांवर ती जगत होती. दिराच्या घरून तिला सणाला एक लुगडं मिळायचं, तेही दुसऱ्या कुणाला पसंत न पडलेलं. पहाटे माझा डोळा उघडायचा तो तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, एका लयीत, मधे खंड नाही. पन्नाशी उलटली होती तरी तिची भाकरी परातीएवढी, कडेला एक चीर नसलेली. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला भाऊ.

वस्तीची एक रीत आहे. पूर्वी कुणाच्या घरी लग्न निघालं की भावकीतलं प्रत्येक घर जळणाचा एकेक भारा लग्नघरी टाकायचं. आता कुऱ्हाड लावायला झाड राहिलं नाही, डोंगर कुणी ना कुणी कुंपण घालून घेतला. म्हणून भाऱ्याच्या जागी गॅसची भरलेली टाकी आली. हळदीच्या आदल्या दिवशी प्रत्येक घर आपली टाकी खांद्यावरून नेऊन लग्नघरी ठेवतं. लग्नघरची बाई टाकीला हळदीकुंकू लावते, अक्षता टाकते, आणणाऱ्याच्या डोक्याला टोपी घालते. लग्न झालं की ज्याची त्याला टाकी परत जाते, रिकामी. घरगुती टाकी लग्नाच्या स्वयंपाकाला वापरायची परवानगी नसते, त्यासाठी वेगळी मोठी टाकी घ्यावी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण टाकी दिली नाही तर तुम्ही त्या घराच्या सुखदुःखातले नाही असं धरतात. मीही नेऊन दिली. ती पंधरावी.

देताना मी टोपण घट्ट बसवलेलं होतं. नवरदेवाच्या आईनं ते काढून घमेल्यात टाकलं. त्या घमेल्यात आणखी दहा-बारा टोपणं होती.

"वहिनी, टोपण राहू द्या. हळदीकुंकू अंगाला लावा, तोंडात जाऊ देऊ नका."

"भावजी, अक्षता डोक्यावर टाकत्यात का ढुंगनावर?"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या.

"तोंडात कचरा बसला तर आतली पिन नीट बंद होत नाही. गॅस झिरपतो."

"अक्षतांला कचरा म्हनू नगा, शुभकार्य हाय. आमच्यात टाकीला लक्षुमी म्हनत्यात. तुमच्यात काय म्हनत्यात ते तुमच्या घरी म्हना."

तिनं चिमूटभर हळदीचे तांदूळ माझ्या टाकीच्या तोंडावर टाकले. मी ते तिच्यासमोरच फुंकरीनं उडवले आणि घमेल्यातून एक टोपण उचलून बसवलं. बाकीच्या चौदांना हात लावायचा मला हक्क नव्हता.

मग त्या ठेवायच्या कुठं हा प्रश्न निघाला. निघाला म्हणजे मी काढला, त्यांचं आधीच ठरलेलं होतं. थोरलीच्या खोलीत.

"भिताडं दगडाची हायेत. कुलूप हाय. चोरी व्हनार न्हाई," नवरदेवाचे वडील म्हणाले.

मी म्हणालो, "त्या खोलीला खिडकी नाही. आणि ती अंगणापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. हा गॅस धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. एका टाकीनं जरी सोडला तरी तिथनं निघायला वाट नाही. आंब्याखाली उघड्यावर ठेवा. उभ्या."

"आंब्याखाली ठेवल्या तर सकाळी भंगारवाल्याकडं जाऊन मोजाव्या लागतील."

"राखण ठेवा."

"राखण हाय की. थोरली. तिला तसंबी झोप कुटं लागतीया? नवरा न्हाई, पोर न्हाई. टाक्यास्नी पोटाशी घिऊन झोपंल."

पुरुष मोठ्यानं हसले. थोरली पडवीत परात घेऊन बसलेली होती, हात पिठाचे. तिनं ऐकलं हे सगळ्यांना दिसत होतं. ती उठली, आत जाऊन आपली वळकटी बाहेर आणली आणि चुलीशेजारी टाकली. मग टाक्या आत गेल्या. काही उभ्या, आणि जागा पुरेना म्हणून पाच-सहा त्यांच्यावर आडव्या, लाकडं रचावीत तशा.

माणसं गेल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, तुम्ही नाही म्हणायचं ना."

"भाऊ, लग्नघराला न्हाई म्हनून मी ऱ्हानार कुटं?" ती म्हणाली आणि पुन्हा पिठाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आचारी खोलीतून टाकी नेत होता, शेगडीला लावून बघत होता, ज्वाला कमी वाटली की काढून परत आत टाकत होता आणि दुसरी नेत होता. अशा लावून काढलेल्या टाक्यांच्या तोंडावर टोपणं नव्हती. टोपणांचं घमेलं पोरांनी पळवलं होतं, अंगणभर त्यांचे भोवरे फिरत होते.

संध्याकाळी हळद. मांडवात नवरदेव पाटावर, भोवती बायका, आणि डीजे इतका मोठा की शेजारच्याशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागत होतं. मी पुरुषांच्या बाजूला खुर्चीवर होतो. दिवेलागणीच्या सुमाराला थोरली मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिलेली मला दिसली. ती काहीतरी सांगत होती. मला ऐकू येत नव्हतं. काय बोलणं झालं ते मला नंतर त्याच बायकांनी सांगितलं. सांगताना त्या लाजल्या नाहीत.

"थोरले, तितंच थांब. हळद चाललीया, दिसत न्हाई?"

"वास येतुया गं."

"कसला?"

"ग्यासचा. खोलीतनं."

"आचारी सैपाक करतुया. ग्यासचा येनार न्हाई तर काय अत्तराचा येनार?"

पुन्हा सगळ्या हसल्या. थोरली एक पाऊल पुढं आली. तेव्हा नवरदेवाच्या आत्यानं, वयानं सगळ्यांत मोठ्या बाईनं, तिच्या छातीवर हात ठेवून तिला मागं ढकललं.

"सावली पाडू नगं पोराच्या अंगावर. तुज्या हळदीचं काय झालं ठावं हाय न्हवं? दीड वर्सात पुसली."

तीन वेळा सांगून पाहिलं, असं ती नंतर मला म्हणाली. विधवेनं हळदीच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही हे तिलाही पाठ होतं, आणि जन्मभर तिनं ते पाळलं होतं. त्या दिवशी ती कडेपर्यंत आली, यावरूनच कुणीतरी ओळखायला हवं होतं. ती वळून परत गेली. तिचं तोंड मला दिसलं, म्हणून मी खुर्चीवरून उठलो. काय झालं एवढंच विचारायचं होतं. मांडवातून बाहेर पडतोय तोवर भस्सकन आवाज झाला.

स्फोट नव्हता. टाकी एकही फुटली नाही. दारातून जमिनीलगत एक आडवा जाळ बाहेर आला, पडवीपर्यंत पसरला आणि लगेच आत ओढला गेला. त्याच्या मागून थोरली बाहेर आली, स्वतःच्या पायांनी. दोन्ही हात तोंडापुढं धरलेले होते. लुगडं नायलॉनचं होतं आणि ते गुडघ्याखाली पायांना चिकटलं होतं. हातांची कातडी मनगटाशी मोज्यासारखी सुटून लोंबत होती. ती ओरडत नव्हती. "टाक्या काडा, टाक्या काडा," एवढंच म्हणत होती.

मी तिच्यावर गोणपाट टाकून तिला पडवीबाहेर बसवलं आणि हातांवर हंड्यातलं पाणी ओतलं. आचाऱ्याला ओरडून सगळ्या शेगड्या बंद करायला लावल्या. आत कोपऱ्यातल्या एका आडव्या टाकीच्या तोंडातून शेगडीसारखा निळा जाळ चालू होता, वरच्या बाजूला तिचं अंथरूण ठेवायचं फडताळ पेटलं होतं. मी आणि आचाऱ्याची दोन माणसं, आम्ही लांबून पाणी मारत राहिलो, मग ओलं गोणपाट त्या तोंडावर दाबलं. जाळ विझला, झिरपणं थांबेना, म्हणून ती टाकी तशीच उचलून शेतात नेऊन उभी केली. बाकीच्याही एकेक करून बाहेर काढल्या. अकरा काळ्या झाल्या होत्या.

डीजे अजून चालूच होता. नवरदेवाचे वडील धावत आले. त्यांनी पहिल्यांदा टाक्या पाहिल्या, मग थोरलीला पाहिलं.

"आवाज करू नगा. नवरीकडचं लोक जेवत्यात."

लग्नाची भांडी आणलेला टेंपो मागच्या वाटेवर उभा होता. त्यातले टोप उतरवून थोरलीला त्यात घातलं. दीर तिच्याबरोबर बसले. मी मोटरसायकलवर मागून गेलो. पौडच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा कागद लिहून झाला होता : चुलीवर भाकरी करताना भाजली. मी डॉक्टरांना म्हणालो की हे चूक आहे. ते थोरलीकडं वळले.

"आजी, कशानं भाजलं?"

ती दिराकडं बघून म्हणाली, "चुलीवर."

टेंपोत दिरानं तिला काय सांगितलं ते तिनं पुढं मला सांगितलं. ते असं : लगीन मोडलं तर तुज्या पायगुनानं मोडलं म्हनतील, आन् मग वस्तीत तुला कोन पानीबी देनार न्हाई.

लग्न मोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या मुहूर्तावर लागलं. ज्या चार टाक्या काळ्या झाल्या नव्हत्या, त्यांवर उरलेला स्वयंपाक झाला. त्यांतली एक माझी होती.

चार दिवसांनी वस्तीतले लोक काळ्या टाक्या घेऊन बदलायला गेले तेव्हा एजन्सीनं त्या घेतल्या नाहीत. तपासायला एजन्सीचा एक कारागीर वस्तीत आला. शेतात उभी केलेली टाकी मी तशीच ठेवली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यानं तोंडात साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडे आले. मग त्यानं बारीक चिमट्यानं आतून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता, हळदीचा. वरून करपलेला, खालून पिवळा. पिन आणि रबरी रिंगेच्या मधे तो अडकला होता. आचाऱ्यानं रेग्युलेटर बसवून काढला तेव्हा पिन त्याच्यावर टेकली आणि पुरती वर आली नाही. त्या टाकीवर खडूनं घराचं नाव होतं, नवरदेवाच्या चुलत आजोबांचं, म्हणून तिच्यावर अक्षता जरा जास्त पडल्या असतील.

पौडहून थोरलीला पुण्याला हलवलं होतं. तिथल्या रुग्णालयात मी दर रविवारी जात होतो. वस्तीत एव्हाना सगळे म्हणत होते की थोरलीनं देवापुढं समई लावली, तिला अक्कल नाही, एवढ्या टाक्या असताना दिवा लावला. मी तिला विचारलं.

"दिवा न्हाई लावला भाऊ. वास येत हुता. देवाला म्हनलं, आज अंधारात ऱ्हा. मांडवात कुनी ऐकंना, म्हनलं आपनच वढून भाईर काडाव्या. आत काय दिसंना. म्हनून बटान दाबलं."

बटणाची ठिणगी डोळ्यांना दिसतही नाही. साचलेल्या गॅसला तेवढी पुरते. वास आला की बटण दाबायचं नाही, चालू असेल ते बंदही करायचं नाही, दार उघडून बाहेर पडायचं, हे टाकीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. थोरलीला वाचता येत नव्हतं, आणि त्या पंधरा टाक्यांतली एकही तिची नव्हती.

जखमा भरत होत्या. पण भरताना उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून तळव्याकडं वळत होती. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या की दुसऱ्या जागची कातडी लावून बोटं सोडवावी लागतील, आणि ते तीन महिन्यांच्या आत झालं तर हात पुन्हा भाकरी थापेल. उशीर झाला तर सांधे आखडतील आणि मग कितीही पैसे घातले तरी उपयोग नाही. सरकारी रांगेत तिचा नंबर त्या मुदतीत लागत नव्हता. खाजगीत खर्च एक लाख वीस हजार. म्हणून ती देवळापुढची बैठक.

मी तांदळाचा दाणा कागदाच्या पुडीत नेला होता. ओट्यावर सगळ्यांना दाखवला.

"अक्षता टाकल्या म्हनून टाकी पेटती व्हय?" एक जण म्हणाला. "मग लग्नात नवरा-नवरीच पेटायला पायजेत."

ओटा हसला. मी बटणाचं सांगितलं, समई लावली नव्हती हे सांगितलं, ती मांडवापर्यंत सांगायला आली होती आणि तिला हाकललं हे सांगितलं.

नवरदेवाचे वडील म्हणाले, "दिवा काय आन् बटान काय. हात तिचाच व्हता न्हवं?"

तेव्हा मी म्हणालो की लग्नात पंधरा घरगुती टाक्या जाळल्या हे मी पौडला तहसील कचेरीत लेखी देईन. त्यावर पाच मिनिटांत एक लाख वीस हजार ठरले. पैसे नवरदेवाच्या वडिलांकडं जमा करायचे, कारण नात्यानं दीर तेच.

आठवडाभरात पैसे गोळा होणं थांबलं. मी विचारायला गेलो की उत्तर यायचं, "द्या की लिवून पौडला. पंधरावी टाकी कुनाची व्हती, ते बी लिवा." मी खरंच लिहून दिलं, माझ्या टाकीसकट. चौकशीला माणूस आला तो रुग्णालयात जाऊन थोरलीचा जबाब घेऊन आला. ती पुन्हा चुलीवर म्हणाली. मी तिच्यावर रागावलो नाही. तिला परत वस्तीतच यायचं होतं. गॅसच्या अपघाताला विमा असतो म्हणून मी एजन्सीतही गेलो. तिथल्या माणसानं दवाखान्याचा कागद वाचला आणि माझ्याकडं सरकवला. चुलीला विमा नाही, म्हणाला.

त्या दिवसापासून वस्तीत माझ्याशी बोलणं बंद झालं. पाणी सोडणारा माझ्या नळाला शेवटी सोडू लागला.

आषाढ संपेपर्यंत आठ घरांचे पैसे आले, माझं धरून. चौसष्ट हजार. उरलेल्या सात घरांनी सांगितलं की आमच्याच टाक्या गेल्या, आम्ही कशाला द्यायचं. माझ्या मुलीची फी भरून उरलं त्यातले आणखी वीस हजार मी तयार ठेवले होते. तरी छत्तीस हजार कमी पडत होते. मी चौसष्ट हजार मागायला नवरदेवाच्या वडिलांकडं गेलो, म्हणालो, एवढे भरून तारीख तरी घेऊ, बाकीचं बघू.

"चौसष्ट कुटं ऱ्हायलं?" ते म्हणाले.

अकरा काळ्या टाक्यांचे दर टाकी बावीसशेप्रमाणे चोवीस हजार दोनशे एजन्सीला भरावे लागले होते, नाहीतर त्या अकरा घरांना पुढची टाकी मिळत नव्हती. ते ह्यातून भरले. हळदीच्या दिवशी घरात जाळ झाला, तेव्हा नव्या जोडप्याची शांत करावी लागली. त्याचे अकरा हजार गुरुजींना दिले. मांडवाची दोन कापडं करपली, त्याचे नऊ हजार मांडववाल्याला.

"हे तिच्या हातांचे पैसे आहेत," मी म्हणालो.

"तिच्याच पायी झालेला खर्च हाय. तुमी हिशेबाचं मानूस. तुमीच सांगा, कुनाच्या नावावर टाकायचा?"

मुदत श्रावणात संपली. थोरली त्याआधीच घरी आली होती. डावा हात थोडा उघडतो. उजवा मुठीसारखा राहिला आहे, अंगठा तेवढा बाहेर. खानावळीच्या माणसानं दुसरी बाई बघितली. एक दिवस पहाटे मला पडवीतून आवाज आला म्हणून मी मागच्या दारातून पाहिलं. ती परातीत पीठ घेऊन बसली होती. गोळा त्या मुठीनं दाबत होती, तो फाटत होता, पुन्हा गोळा करत होती. तिची जाऊ, म्हणजे नवरदेवाची आई, घमेलं घेऊन तिथनं चालली होती. ती थांबली.

"थोरले, पीठ नासू नगं. हात असं झाल्यात तर शेरडं राख. शेरडास्नी हाकायला बोटं कशाला लागत्यात?"

दुसऱ्या दिवसापासून थोरली शेरडं घेऊन जाते. काठी तिच्या मुठीत राहत नाही, म्हणून ती काखेत धरते.

तिच्या खोलीत ती राहत नाही, पडवीत राहते. नव्या सुनेला सासूपासून वेगळा स्वयंपाक हवा होता, म्हणून खोली तिला दिली. तिथं आता एक शेगडी आहे आणि एक टाकी, ओट्याखालच्या लाकडी कपाटात, दार लावून. मी त्या मुलीला एकदा म्हणालो की टाकी कपाटात कोंडू नको, बाहेर हवेशीर ठेव, कपाटाला खाली भोकं तरी पाड. ती हो म्हणाली. तिच्या सासूनं मला पुन्हा त्या दारात पाऊल टाकू नका म्हणून सांगितलं.

राहिलेले पैसे निदान थोरलीच्या हातात द्यावेत, डॉक्टरीण बाईंनी सांगितलेली हाताची पट्टी आणि मालिश तरी होईल, असं मी शेवटचं बोलून पाहिलं. सून तिथं राहायला जायच्या आधीची ही गोष्ट, नवरदेवाचे वडील तेव्हा खोलीवरचं जळकं छप्पर उतरवत होते. ते खाली न उतरता वरूनच बोलले.

"खोली कुनाची? तिचीच न्हवं? मग तिच्या खोलीला लागलं म्हंजी तिलाच दिलं."

जमा चौसष्ट हजार. त्यातून एजन्सी, गुरुजी आणि मांडववाला जाऊन उरले एकोणीस हजार आठशे. ते भाद्रपदात रोख दिले गेले, पौडच्या पत्र्याच्या दुकानदाराला.